शेर, छटाक आणि आठ बटणं

उत्तरेतल्या एका बर्फाळ चौकीवर माझी पोस्टिंग झाली, तेव्हा मी सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या वायरलेस विभागात, लान्स नाईक होतो. गाव शहागड. गोदावरीचं पाणी ओळखीचं, बर्फाशी मात्र काडीची ओळख नव्हती. चौकीवर आपल्याकडचा एकच माणूस भेटला, टेंभुर्णीचा नाईक बालाजी. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "जालन्याचा हायेस ना? मंग चहा तू करायचा." सीनियर होता. केला.

रोजचं काम ठरलेलं. सहाला बॅटऱ्या तपासायच्या, सातला सगळ्या स्टेशनांशी बोलायचं, मग बर्फ उपसायचा. दुपारी क्लास. क्लासमध्ये माझी गाडी एकाच ठिकाणी अडायची. आपले नेहमीचे आकडे मशीनच्या भाषेत, म्हणजे नुसत्या शून्य आणि एकमध्ये लिहायचे असत. टेस्टमध्ये मी दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा झालो असतो तर सिग्नलमधून स्टोअरला बदली पक्की होती.

बालाजीनं किटबॅगेतून पाच लोखंडी वजनं काढली. त्याच्या वडिलांच्या दुकानातली, किलो येण्याआधीची. छटाक, तिच्या दुप्पट अदपाव, पुढं तशीच दुपटीनं पाव, अच्छेर आणि शेर. एवढं ओझं घेऊन हा डोंगर चढला, म्हणून सगळी चौकी त्याला हसायची.

"तेरा छटाक साखर तोल," तो म्हणाला.

"अच्छेर, पाव आन् छटाक."

"अदपाव?"

"न्हाई लागत."

"जे तागडीत ठेवलं तिथं एक लिही. जे न्हाई ठेवलं तिथं शून्य. झालं तुझं बायनरी. उगंच घाबरून राह्यला."

मी लिहिलं, एक एक शून्य एक. उत्तर बरोबर होतं. मास्तरांनी वर्षभर डोकं फोडलं असतं तरी कळलं नसतं, ते वाण्याच्या पोरानं एका तेरा छटाकात शिकवलं. सोळाच्या हिशेबाचे आकडेही त्यानं तसेच पटवले. "सोळा छटाक भरले की एक शेर. डावीकडं शेर, उजवीकडं छटाक. नऊच्या पुढं आकडे संपले म्हणून दहाला ए, अकराला बी, असं पंधराला एफ. कागदावर आकड्यात अक्षर दिसलं की समज, हा शेर-छटाकाचा कागद हाये."

मी पास झालो. बालाजीनं सुट्टीवर जाताना वजनं घरी नेली, फक्त छटाक खिशात ठेवली. म्हणायचा, हातात घोळवली की टेंभुर्णीचा बाजार आठवतो.

त्या दिवशी सकाळी बालाजीसह सात जण गस्तीवर गेले. बारा पन्नासला वीज पडली आणि आमच्या रिपीटरचं कार्ड जळालं. रिपीटर म्हणजे गस्तीचा आवाज डोंगरापलीकडून आमच्यापर्यंत पोचवणारी पेटी. विजा थांबेपर्यंत ती उघडता येत नव्हती. चौदाशेला, म्हणजे दुपारी दोनला, वरच्या ठाण्याचा फोन आला. गस्तीच्या परतीच्या नाल्यावरचा बर्फ सुटू लागला होता. गस्त साडेपंधराला त्या नाल्यात उतरणार होती. आमचं बोलणं त्यांना पोचत नव्हतं.

सुभेदार साहेबांनी विचारलं, "कितना टाइम?"

"दस मिनट, साब."

नवीन कार्ड बसवलं. त्याच्या पाठीवर आठ बारीक बटणं होती, एक, दोन, चार अशी दुपटीनं एकशे अठ्ठावीसपर्यंत. ती वरखाली करून कार्डाला आपल्या स्टेशनचा नंबर द्यायचा, तरच गस्तीचे सेट त्याला ओळखणार. यादीत आमचा नंबर ४२. मी मनातल्या मनात तागडी धरली. बत्तीस, आठ आणि दोन. तीन बटणं वर, बाकीची खाली.

"चार्ली टू, चार्ली टू, ओव्हर." मी गस्तीला हाक दिली.

काही नाही. एरियल तपासली, बॅटरी बदलली, कार्ड काढून परत बसवलं. पंधरा वाजून दहा मिनिटं झाली. बोटं बधिर झाली होती आणि मला खरोखर भीती वाटत होती.

बटणं पुन्हा ताडून पाहावीत म्हणून यादी उचलली, तर खालच्या ओळीत शेजारच्या स्टेशनचा नंबर दिसला. ४सी. आकड्यात अक्षर! हुशारीच्या नादात मी एकच ओळ वाचली होती. बेचाळीस नव्हतेच ते. चार शेर दोन छटाक होते, म्हणजे सहासष्ट. चौसष्ट आणि दोन. दोनच बटणं वर, बाकी सगळी खाली.

पंधरा बावीस.

"चार्ली टू, ओव्हर."

"चार्ली टू, ओव्हर." बालाजीचा आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाल्यात उतरू नका. बर्फ सुटलाय. जागेवर थांबा. ओव्हर."

"रॉजर. थांबलो." मग नियम मोडून हळूच, "इतका येळ कुठं गेल्तास?"

"चुकीचं तोललं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, पण रागावले नाहीत. सोळा वाजून पाच मिनिटांनी नाला बर्फानं भरला. सातही जण वरच्या वाटेनं दुसऱ्या दिवशी परतले. बालाजीनं आठवडाभर मला "बेचाळीस" अशीच हाक मारली आणि चहाही माझ्याकडूनच करून घेतला.

दोन वर्षांनी दुसऱ्या चौकीवर तो कड्यासकट खाली गेला. तेव्हा मी त्याच्या रेडिओच्या दुसऱ्या टोकाला नव्हतो. त्याचा देह मिळाला नाही. खिशातली छटाकही तिथंच राहिली. मी टेंभुर्णीला गेलो, तेव्हा त्याच्या वडिलांनी उरलेली चार वजनं माझ्या हातात दिली. म्हणाले, "इथं गंजून जातील. तुम्ही वापरा."

आता जालन्यात मी कॉम्प्युटरचा क्लास घेतो. पहिला पाठ त्याच वजनांवर. परवा अंकुशनगरच्या एक बाई बराच वेळ खटपट करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, पंधरा न्हाई होऊन राह्यले. तेराही न्हाई, अकराही न्हाई."

"होणार नाहीत," मी म्हणालो. "सगळ्यात लहान वजन नाही ना."

"एकच कमी हाये, तरी?"

"एकच कमी आहे. निम्मे आकडे होत नाहीत."

मग मी त्यांना बालाजीचं नाव सांगितलं.