आपल्याकडचा भटजी

“ते असू दे. पण आपल्याकडचा आहे का?” असे विचारताना अण्णा चष्मा कपाळावर चढवत. समोरच्याला नीट पाहण्यासाठी चष्मा काढणारा एवढा एकच माणूस मी पाहिला. प्रश्न कशाबद्दलही असे. आमच्या सरकारी कचेरीत नवा टायपिस्ट आला, बंगळुरातल्या राजाजीनगरात नवा डॉक्टर आला, दुकानात नवा तांदूळ आला, की अण्णांचा चष्मा वर गेलाच म्हणून समजा.

आता हे “आपल्याकडे” म्हणजे नेमके कुठे, असे तुम्ही विचाराल. कचेरीत आम्हीही एकमेकांना तेच विचारत असू. अण्णांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर कारकुनी करायला बंगळुरात आले आणि परत जायचे विसरले. अण्णा स्वतः उत्तरेकडे हुबळीपर्यंत गेले होते, तेही एका चुलतभावाच्या मुंजीला. पण बोलू लागले की वाटावे, हे गृहस्थ कालच पुण्याच्या गाडीने उतरले आहेत आणि त्यांना इथले पाणी अजून मानवलेले नाही.

मी बेळगावकडचा. अण्णा कचेरीत माझे हेडक्लार्क आणि राजाजीनगरात माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहणारे, म्हणजे सुटका कुठेच नव्हती. “तुमचं मराठी बरं आहे,” ते मला म्हणत, “पण त्यात कानडी फार येतं हो. ते स्वल्प कमी करा. सरी?” मीही कानडीतच “सरी”, म्हणजे बरं, म्हणून निघून येई.

घरात त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या गल्लीच्या अक्का. त्या भाजीवालीशी कानडीत बोलत, शेजारणींशी कानडीत बोलत, आणि देवाशीही कानडीतच बोलत असाव्यात, कारण देव त्यांचे ऐकत असे. अण्णांचे मराठी व्याख्यान सुरू झाले की अक्का शांतपणे विचारत, “ऊटा करता की बोलत बसता?” मग महाराष्ट्राचा अभिमान पानावर बसून सारू-भात जेवू लागे.

त्यांना एकच मुलगी. बी. ए. होऊन एका शाळेत शिकवत होती. तिला स्थळ चालून आले. मुलगा इथल्याच चामराजपेटेतल्या अशाच जुन्या मराठी घरातला, पण नोकरीला पुण्याच्या कारखान्यात. अण्णांचा आनंद काय विचारता! मुलाचा पगार त्यांनी विचारला नाही, स्वभाव विचारला नाही. “मुलगा आपल्याकडे असतो,” एवढे त्यांनी कचेरीतल्या प्रत्येक टेबलावर जाऊन सांगितले. मुलीला मात्र मुलगा मनापासून आवडला होता. हे अण्णांना सोडून सगळ्यांना कळले होते.

राहिला होता फक्त भटजी. दुसऱ्या कोणी हे काम संध्याकाळच्या फेरफटक्यात उरकले असते. अण्णांनी त्याची मोहीम केली आणि दर रविवारी मला बरोबर ओढले.

पहिला मान चामराजपेटेतल्या पुरोहितांचा होता. इथल्या मराठी घरांतली मुंजी-बारशी त्यांनीच केलेली. अण्णांचे लग्नही त्यांच्याच वडिलांनी लावलेले. अण्णा त्यांच्यासमोर असे बसले की जणू गुन्ह्याचा तपास चालू आहे.

“आपलं मूळ गाव?”

“चामराजपेट.”

“त्याच्या आधी?”

“आधी चिकपेटेत होतो. घर लहान पडलं.”

“तसं नव्हे हो. अगदी मूळचं?”

पुरोहित विचारात पडले. “मूळचं म्हणजे… चिकपेटेतच, पण मागच्या गल्लीत.”

बाहेर पडल्यावर अण्णा म्हणाले, “नको. हा होमात तूप घालताना आचाऱ्याशी कानडीत बोलतो. मी डोळ्यांनी पाहिलंय.” दुसरा सापडला तो धारवाडकडचा. तो “सीमेवरचा” म्हणून गेला, आणि हे सांगताना अण्णांनी माझ्याकडे पाहिले. तिसरा खरोखरच दोन वर्षांपूर्वी कोकणातून आलेला निघाला. अण्णांच्या अंगात उत्साह संचारला. पण त्याने आमच्यादेखत आनंदाने दुसऱ्यांदा सांबार वाढून घेतले, आणि दोन वर्षांत माणूस पार बिघडला असा निकाल अण्णांनी पायऱ्या उतरता उतरता दिला.

अशात मार्गशीर्षातला मुहूर्त गेला. माघातलाही गेला. मुलाला रजा मिळायची आणि वाया जायची. शेवटी त्याचे वडील स्वतः आले. माणूस कमी बोलणारा, पण बोलला ते रोखठोक. “वैशाखात लग्न झालं तर झालं. नाही तर आम्हाला दुसरीकडून सांगून आलंय, तिकडं शब्द देतो.” दाराआड मुलगी उभी होती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ती मला वाटेत भेटली. “काका, एक विचारू? लग्न माझं आहे की भटजींचं?” ती हसून म्हणाली, पण तिचे डोळे रडून सुजलेले होते. मला अण्णांचा त्या दिवशी खरोखर राग आला.

अखेर कोणाच्या तरी ओळखीने थेट पुण्याचे भटजी यायला कबूल झाले. लग्नाच्या आदल्या दिवशी ते आले. लाल पगडी, पांढरे उपरणे, आणि इथली प्रत्येक वस्तू दोन बोटांनी उचलण्याची तऱ्हा. अण्णांनी त्यांना खुर्चीत बसवले, स्वतः खाली बसले आणि आपल्या घराण्याचा इतिहास फौजेपासून सांगायला घेतला. मुलगी कॉफी घेऊन आली. “घ्या हं, ऊन आहे,” म्हणाली. अण्णा आतापर्यंत सात पिढ्या उतरले होते. भटजींनी कॉफीचा घोट घेतला आणि कौतुकाने मान हलवली.

“वा! तुम्ही लोक मराठी फार छान शिकलात हो. बायकासुद्धा बोलतात!”

अण्णा हसले. दुसरे काय करणार? पण आठवी पिढी त्यांनी सांगितली नाही. मुलगी रिकामा ट्रे घेऊन आत गेली, ती त्या दिवशी भटजींसमोर पुन्हा आली नाही. अक्का एवढेच म्हणाल्या, “उद्याच्या जेवणाला त्या चामराजपेटेतल्या पुरोहितांनाही सांगून आलेय मी. सरी ना?” अण्णांचे लक्ष नव्हते.

लग्न चामराजपेटेतल्या छत्रात होते. मंगल कार्यालयाला इकडे छत्र म्हणतात. सकाळी काशीयात्रा निघाली. तुम्ही इकडची लग्ने पाहिली नसतील तर सांगतो. नवरा मुलगा छत्री, काठी घेऊन, काखेत पोथी मारून “मी संन्यास घेतो, काशीला चाललो” म्हणून निघतो. चार पावले गेला की मुलीच्या बापाने धावत जायचे, त्याची विनवणी करायची, मुलगी देतो म्हणायचे आणि हाताला धरून परत आणायचे. सगळे हसतात, फोटो काढतात. पण बापाने जायचे म्हणजे जायचे. त्याच्याशिवाय नवरा परत फिरत नाही.

“हे कुठे निघाले?” पुण्याच्या भटजींनी विचारले.

“काशीला,” मी म्हणालो.

“आत्ता?” भटजींनी हातातली पळी खाली ठेवली. “अहो, हे मुंजीतलं. लग्नात नसतं. आपल्याकडे असलं काही नाही.”

अण्णा अर्धे उठले होते, तसेच थांबले. जन्मभर हा शब्द त्यांनी दुसऱ्यांवर चालवला होता. आज पहिल्यांदाच तो त्यांच्यावर चालून आला होता.

“बसा पाटावर,” भटजी म्हणाले. “पुण्याहवाचन चालू आहे. यजमान मध्येच उठणार असतील तर मी पिशवी उचलतो.” अण्णा बसले.

बाहेर नवरा चार पावले गेला आणि थांबला. मागे कोणी आले नाही. स्वतःहून परत फिरणे त्याला शोभणारे नव्हते, म्हणून आणखी चार पावले गेला. सनई-ढोलवाल्यांना काय, ते वाजवत त्याच्या मागे निघाले. मी आत-बाहेर पळू लागलो. “अण्णा, जावई कोपऱ्यावर गेले.” अण्णांनी भटजींकडे पाहिले. भटजींनी डोळे मिटून मंत्राचा आवाज वाढवला. “अण्णा, सोडावाल्याचं दुकान मागे टाकलं.” नवऱ्या मुलाचे वडील दारात हाताची घडी घालून उभे होते. “काशीलाच पाठवायचंय म्हणा की!” ते मोठ्याने म्हणाले. “सरी. आम्हीही तिकीट काढतो.” त्यांच्याकडची माणसे आता हसत नव्हती. दोघे-तिघे आपल्या चपला शोधू लागले होते.

“अण्णा, जावई बसस्टॉपवर उभे आहेत. बस येतेय.”

तेवढ्यात गौरीच्या पूजेवरून उठून मुलगी दारात आली. पिवळी साडी, कपाळाला बाशिंग. तिने बापाकडे पाहिले. “अण्णा, ते जाताहेत,” एवढेच म्हणाली.

अण्णा उठले. “आमच्यात असतं,” ते भटजींना म्हणाले, आणि धावत सुटले. उघडे अंग, रेशमी धोतराचा सोगा हातात, पाय अनवाणी, आणि तोंडाने कानडीत आरोळी: “अळियंद्रे, निल्ली! निल्ली, अळियंद्रे!” जावईबापू थांबा, थांबा. एवढ्या मोठ्याने की जावई थांबलेच, पण बसही थांबली. आणि मग साऱ्या प्रवाशांसमोर, रस्त्यात उभे राहून, धापा टाकत अण्णांनी विनवणी केली. त्यात मराठी किती आणि कानडी किती हे मी सांगू शकत नाही. “काशीला नका जाऊ. माझी एकुलती एक मुलगी आहे. तिला तुम्ही आवडलाय. माझं चुकलं म्हणून तिला सोडून जाऊ नका.” विधीत एवढे बोलायचे नसते. कंडक्टरला राहवले नाही. त्याने खाली उतरून नवऱ्याला कानडीत समजावले, “जा स्वामी, लग्न करून घ्या. काशी कुठं पळत नाही.”

ते दोघे हात धरून परत आले तेव्हा पुण्याचे भटजी शब्दाला जागून पिशवी भरून खांबाशी बसले होते. त्यांच्या जागेवर चामराजपेटेतले पुरोहित होते. अक्कांनी त्यांना पाहुण्यांतून उठवून आणले होते. “अण्णा, स्वल्प सरका,” पुरोहित म्हणाले. “मुहूर्त जवळ आला.”

अण्णा सरकले. आधीच्या नवग्रह होमाच्या वेळी पुरोहितांनी आचाऱ्याला कानडीत खणखणीत काहीतरी सांगितले. अण्णांनी ऐकले आणि मुकाट्याने तूप घातले. अंतरपाट धरल्यावर मराठी मंगलाष्टके कोण म्हणणार म्हणून सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तेव्हा खांबापासून पुण्याचे भटजीच गाऊ लागले. न विचारता. आवाज गोड होता, हे मान्य केले पाहिजे. जेवताना त्यांनी होळिगे, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्याही, मागून मागून घेतल्या, आणि या खेपेला कोणी काही बिघडले असे अण्णा म्हणाले नाहीत.

अण्णा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांची चेष्टा आम्ही ते असतानाही केली आणि नंतरही करतो. त्यांनी तेवढी सोय करून ठेवली आहे. पण मला ते आठवतात ते सिटी स्टेशनवर, मुलीला पुण्याच्या गाडीत बसवून देताना.

अक्का डब्यात जावयाकडून फराळाचे डबे लावून घेत होत्या. मुलगी खिडकीशी बसली होती. गाडी सुटायला थोडा वेळ होता. ती हळूच म्हणाली, “अण्णा, ते भटजी बोलले तसं तिकडचे लोक बोलतील का? मी तोंड उघडलं की हसतील.”

आयुष्यभर ज्या लोकांचे नाव घेऊन अण्णांनी आम्हाला छळले, त्याच लोकांत त्यांची मुलगी एकटी चालली होती. मग खिडकीचे गज धरून ते म्हणाले, “हसू देत. त्यांचं हसून झालं की पुन्हा तेच बोल. अगदी तसंच बोल.”

शिट्टी झाली. अक्का घाईने खाली उतरल्या. गाडी हलली तसे अण्णांना रडू फुटले, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे मुलीची खिडकी कुठली तेच त्यांना दिसेना. म्हणून ते समोरून जाणाऱ्या प्रत्येक डब्याला हात करत राहिले. शेवटच्या डब्यातून गार्डने हिरवे निशाण हलवले. अण्णांनी त्यालाही हात केला.