बोक्याची सही

लोंढे काकू कुणाच्याही घरी गेल्या, की बेल वाजवण्याआधी उंबऱ्याशी थांबून दोनदा खोल वास घ्यायच्या. दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी दार उघडलं तर साठी ओलांडलेली ही बाई गुडघ्यांवर बसून चौकट हुंगत होती.

"घाबरू नकोस बेटा. वरच्या मजल्यावर मुलाकडे राहते, लोंढे, मूळची नगर जिल्ह्यातली. बोका छळतोय ना?"

छळत होता. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, म्हणून आईला गेवराईहून कायमचं राहायला आणलं होतं. पण एक बोका रोज दारावर फवारा मारून जायचा. आई दार धुऊन वर गोमूत्र शिंपडायची. दुसऱ्या दिवशी वास दुप्पट. "असल्या घाणीत देव कसे मांडू? मला रविवारी गावच्या गाडीत बसवून दे," असं ती म्हणाली, तेव्हा मी कॉलनीच्या गार्डला बोका पोत्यात घालून यमुनेपलीकडे सोडून यायला सांगितलं.

"पोतं नको यार, गार्डकडून कळलं मला," काकू म्हणाल्या. "हा गेला की दुसरा येईल. दारात शिंपडता काय?"

मी गोमूत्राचं नाव घेतलं आणि जीभ चावली. काकूंच्या गळ्यात क्रॉस होता, म्हणजे त्या ख्रिस्ती. त्या काही बोलल्या आणि आई दुखावली, तर ती रविवारचीही वाट बघणार नाही, अशी मला धास्ती.

काकू सरळ आत जाऊन आईशेजारी जमिनीवर बसल्या. "वहिनी, मी जन्मभर सरकारी ऑफिसात फाइली फिरवल्या. एकाची सही दिसली की दुसरा खाली ठोकणारच. बोक्याचं तेच. मुताचा वास आला, की त्याला वाटतं दुसरा बोका सही करून गेला. तुमचं गोमूत्र देवापाशी असू द्या, दारात नको."

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बया! म्हणजे मीच रोज आवतण देत होते की त्याला!"

दोघींनी दार कोमट पाण्याने आणि सिरक्याने, म्हणजे व्हिनेगरने, धुतलं, चौकटीशी संत्र्याच्या साली ठेवल्या, मागच्या भिंतीकडे घमेल्यात वाळू भरली. "त्याला मुतायला जागा दे, मग दाराला नाही म्हण," काकू सांगायच्या. शनिवारी त्यांनी पिंजऱ्यात मासळी ठेवून बोक्याला पकडलं. फवारे थांबावेत म्हणून नसबंदीसाठी दवाखान्यात नेताना ऑटोत पिंजरा माझ्या मांडीवर होता. बोका केविलवाणा ओरडत होता आणि मला पोत्याची लाज वाटत होती.

वास लगेच गेला नाही. पण रविवारी आई म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात तिने विषयच काढला नाही.

गेल्या वर्षी काकू वारल्या. त्यांच्या अंत्यविधीला आई आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये गेली, नऊवारी नेसून, पुढच्याच बाकावर बसली. परत येताना मेट्रोत म्हणाली, "तेव्हा गावाला गेले असते, तर एवढी जिवाची मैत्रीण मला कुठं मिळाली असती रे?"