गाडीसाठी लावलेला कौल

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून आत्ताच लिहिते.

आम्ही इब्रामपूरचे. मी रोज पेडण्याच्या ऑफिसात जाते, म्हणून मला छोटी, चपळ, स्पोर्टी हॅचबॅक हवी आहे. पण पेट्रोल घ्यायची की डिझेल, यावर घरात महिनाभर खल. थोरल्या दिरांनी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवला, त्यामुळे डिझेल नसलेली गाडी त्यांच्या लेखी खेळणं. अहो, मला ऑफिसात जायचंय, खनिज वाहायचं नाही! आमच्या ह्यांना तर स्वतःचं मतच नाही. भाऊ बोलला की हे मान डोलावणार.

शेवटी आज सकाळी दोघांनी देवळात कौल लावला. मूर्तीवर दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पेट्रोल, डावी पडली तर डिझेल.

उजवी पडली.

"गाऱ्हाणा नीट घातलां नाय," दीर म्हणाले. पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवीच पडली.

तर पायऱ्या उतरताना दीर महाशय म्हणतात, "देवाक गाडयेतला काय कळता?" आणि आमच्या ह्यांनी मान डोलावली!

मी मागेच उभी होते. खाणीवरच्या जुन्या ड्रायव्हरांना विचारून झालं, देवाला दोनदा विचारलं. चालवणारीला कोणी विचारलं नाही. तुमच्याकडे तरी विचारतात का हो?

दुपारी मी शोरूमला फोन करून पेट्रोल बुक केली. दीर ओरडले, "कोणाक विचारून?"

म्हटलं, "देवाक."