सुटेल म्हणजे काय सुटेल

आधी खालांचं सांगतो, मग बाकीचं. बीडात दवाखान्याच्या फाटकाशी केळीचा गाडा लावणाऱ्या खाला. नात्याच्या न्हाईत, माहेर आमच्याच सिरसाळ्याचं, म्हणून मला गावचा पोरगा म्हणायच्या. त्यांनी त्या दिवशी दंडाला धरून जिना चढवला नसता, तर आज इथं सुरतेत, कामावर जाताना टेम्पोत बसून मी येड्यासारखा हसत नसतो.

लेक सहा महिन्यांची असताना तिचं पोट उडायला लागलं. श्वास घेतला की बरगड्यांखाली खड्डा पडायचा. न्यूमोनिया म्हणून गावात औषध झालं, पुन्हा झालं. पोट उडायचं थांबेना. मग बीडला आणलं. मशीनमधून छातीचा फोटो निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसाचा आजार आहे, क्वचितच एखाद्या लेकराला होतो, घरी ऑक्सिजनची नळी लावावी लागेल.

"पुढं काय?" मी विचारलं.

"मोठी होईल तसं सुटेल," म्हणाल्या नि घाईत दुसऱ्या खाटेकडं वळल्या.

सुटेल! आमच्याकडं कुणी लई दिवस अंथरुणाला खिळून मेलं की बाया म्हणतात, सुटला बिचारा. बायको वॉर्डात लेकराजवळ. तिला सांगायची हिंमत झाली न्हाई. खाली येऊन आईला फोन लावला, "बाई म्हणत्यात, सुटंल." तिकडून हंबरडाच आला. मी गाड्याशेजारी बसून रडायला लागलो.

"कावून रडतो रे?" खालांनी विचारलं. मी सांगितलं.

"काय सुटंल? लेकरू का नळी?"

"ते न्हाई विचारलं."

"शाळेत गेलता का न्हाई?"

"सातवीपर्यंत."

"मग 'काय' इचारायला कितवी लागती? ऊठ!"

गाडा तसाच टाकून त्यांनी मला वर नेलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, नळी सुटेल! बाळ कशाला सुटेल?" मग स्टूल ओढून नीट समजावलं. वयाबरोबर फुप्फुस वाढतं, अशी बरीच लेकरं सुधारतात. आधी दिवसाची नळी सुटते, मग झोपेतली. वर्षं लागतील. काहींना पुढंही दम लागतो. सर्दीपासून जपा, चुलीचा धूर नको, वजन वाढू द्या. "वायदा देत नाही, पण आशा सोडू नका."

वॉर्डात जाऊन बायकोला खालांनीच सांगितलं. खाली आलो तर गाड्यावर गाय! अर्धी केळी फस्त. मी ओशाळलो. खाला म्हणाल्या, "खाऊ दे. आज तिचंबी नशीब निघालं."

लेक आता तीन वर्षांची हाय. दिवसाची नळी कधीच सुटली. काल तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रात्रीचीही काढा! सकाळी बायकोचा व्हिडिओ आला. माझी खोड अशी, आधी आवाज बंद करून लेकीचं पोट बघतो. उडत नव्हतं. पुन्हा बघितलं. मग आवाज सोडला, तर पोरगी अंगणात गाईमागं धावत किंचाळतीय, "हाड! हाड!" एवढा आवाज त्या छातीत! टेम्पोतल्या सगळ्यांना दाखवला, पेट्रोल पंपावरच्या माणसालाही.

खाला, दिवाळीला येतो. एक अख्खा दिवस तुमी खुर्चीवर बसायचं. गाडा मी लावीन, गाय लेक हाकलील, आणि "केळी घ्या, केळी!" असं तीच ओरडील, पार रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.