पाखरं हाकणारे साहेब

बोलता बोलता साहेब मूठ वर धरायचे, एकदम उघडायचे आणि मग बोटं हळूहळू मिटत आणायचे. "आवाज असा येतो आणि असा जातो. कळलं?" आम्ही माना हलवायचो. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हलवली असती. कळत कुणालाच नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. कोल्हारजवळच्या एका शेतकी फार्मवर मी स्टोअरकीपर होतो. ज्वारीवरची पाखरं हाकणारं यंत्र तयार करायला पुण्याहून हे इंजिनियर आले. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "एन्व्हलप नीट बसत नाहीये हो."

मी खणातून पाकिटं काढली. "लांबडं देऊ की छोटं?"

त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. आवाज किती झटक्यात चढतो, किती टिकतो, कसा विरतो, त्या सगळ्या आकाराला ते एन्व्हलप म्हणत. त्यांच्या खोक्यावर त्याची बटणं होती. आणखी एका बटणानं आवाजाला थरथर यायची, ते मॉड्युलेशन. मी पाकिटं परत खणात ठेवली.

पहिला आवाज निघाला तो म्हैस रेकावी तसा. पाखरं हलली नाहीत, बैल मात्र दावं तोडून पळाला. "चढ संथ झाला," ते पुटपुटले.

मग ते फार्मवरच्या राखणदार कोंडाबाईच्या, ज्वारीत उभारलेल्या माळ्याखाली जाऊन बसू लागले. "हाऽऽऽ हुर्र!" तिची हाक उठली की डोळे मिटून ऐकायचे. "बाई, पुन्हा एकदा."

"आवो, पाखरं आल्याबिगर कशी वरडू?"

एका सकाळी खोक्यातून हुबेहूब तिची हाक निघाली आणि थवाच्या थवा उडाला. फार्मचे सुपरिंटेंडेंट खूश. "उद्या मोठे साहेब बघायला येतायत. हे चाललं की राखणदारणी बंद!"

कोंडाबाई माळ्यावरून उतरून इंजिनियरसाहेबांच्या पुढ्यात आली. "साहेब, माजाच आवाज घ्येतला, आन् आता मलाच घरी बसवता व्हय?"

ते वाकून खोक्याला जोडलेला भोंगा काढू लागले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांसमोर आवाज आला तो पेंगुळलेला, बाळाला थोपटल्यासारखा. पाखरं खात राहिली. एक तर भोंग्यावरच येऊन बसलं. "जमलं नाही, सर," ते म्हणाले. मोठे साहेब चहासुद्धा न घेता निघून गेले.

चढाचं बटण पार उलट्या टोकाला फिरवलेलं मी पाहिलं होतं. मागाहून विचारलं, तर म्हणाले, "एवढी माणसं बघून हात थरथरला हो."

केसाएवढ्या तारा डाग देऊन जोडणारा तो हात! मला अजून उलगडा होत नाही.

आठवड्याच्या आत त्यांना पुण्याला परत बोलावलं. कोंडाबाई हुरड्याची कोवळी कणसं फडक्यात बांधून स्टोअरवर आली.

"साहेब कुटं हायती?"

"सकाळच्या गाडीनं गेले."

"मुद्दाम केलं त्येनी, न्हवं?"

"मला ठाऊक नाही, बाई."

तिनं गाठोडं माझ्या हातात दिलं. "गाठ पडली तर द्या," म्हणाली.

पत्ता कुणाकडेच नव्हता. मी कणसं फळीवर ठेवली. दाणे आधी दुधाळ होते, मग सुकून टणक झाले. नवा माल आला तेव्हा फळी रिकामी करायला हवी होती; मी कणसं तिथंच राहू दिली आणि पोती खाली जमिनीवर रचली.