बटणबाईंचा बीजनिधी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून, एक लांबट खोली होती. तिथल्या बाईंना सगळे बटणबाई म्हणत. झटका येऊन हात लुळा पडलेला माणूस आला, की त्या त्याच्यापुढे जुना सदरा ठेवत आणि म्हणत, "घाला बटण." त्यांचं काम ऑक्युपेशनल थेरपीचं. म्हणजे आजारपणात हातून निसटलेली रोजची कामं माणसाला पुन्हा शिकवायची. बाहेरच्यांना त्यातलं फारसं कळत नसे. खुद्द सासूबाई शेजारणीला सांगत, "आमची सून मोठ्या माणसांना कपडे घालायला शिकवते."

बटणबाईंच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. तो सोडला एका शिंपीणबाईंनी. लाकडी खुंट्या भोकांत बसवायचा सराव करताना त्या नुसत्या जांभया द्यायच्या. एकदा लेकीनं त्यांची कात्री आणून दिली, आणि हटून बसलेला हात कापडाकडे आपणहून सरकला. मग प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कामाच्या वस्तूंनीच शिकवलं तर?

त्यांनी बड्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर माणूस भला, पण रोखठोक. "शितावरून भाताची परीक्षा घरात चालते. इथे आणखी शितं लागतील."

शितं गोळा करायची तर वस्तू हव्या, पकड मोजायचं यंत्र हवं, शिवाय मोजणारा माणूसही परका हवा, कारण आपलं पोर आपल्याला देखणंच दिसतं. बाईंनी एका मोठ्या संस्थेकडे मदत मागितली. उत्तर आलं, आधी थोडा पुरावा दाखवा. पुरावा नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून पुरावा नाही!

"वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही," नवरा म्हणाला. पण नुसता बोलून थांबला नाही. कच्च्या, कोवळ्या कल्पनांना पहिला हात देणारा एक बीजनिधी त्यानंच शोधून काढला.

मुलाखतीत एका वयस्क परीक्षकांनी विचारलं, "तुमचं म्हणणं खोटं ठरलं तर?"

"तर थोड्या खर्चात कळेल," त्या म्हणाल्या. "पुष्कळ खर्च करून कळण्यापेक्षा बरं."

निधी मिळाला. काम सुरू झालं. कुणाला कामाच्या वस्तू द्यायच्या आणि कुणाला नेहमीच्या खुंट्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. आवडतं-नावडतं चालायचं नाही. आचारीकाकांच्या वाट्याला खुंट्या आल्या.

आचारीकाकांनी उभी हयात खानावळीच्या चुलीसमोर काढलेली. पहिले काही दिवस ते निमूट बसले. मग समोरच्या टेबलावर एक सुतार रंधा चालवताना त्यांना दिसला.

"बाई, त्याला रंधा आणि मला ही पोरखेळाची लाकडं?"

"काका, चिठ्ठीत तसं आलं. सुरुवातीला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. तेव्हा सुतार दिसला नव्हता." त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. "हा हात माझा आहे की तुमच्या प्रयोगाचा?"

त्या रात्री बाई हिशेब मांडत बसल्या. काका अभ्यास सोडून गेले तर आधीच मूठभर असलेली माणसं आणखी कमी होणार. आणि मधेच सोडता येतं हे न सांगावं, तर काकांच्या तोंडाकडे बघायचं कसं?

सकाळी काका आल्या आल्या त्या म्हणाल्या, "काका, हात तुमचाच. कधीही बाहेर पडायची मुभा आहे तुम्हाला. उपचार थांबणार नाहीत, झारासुद्धा देईन."

काका क्षणभरही थांबले नाहीत. "मग पडलो बाहेर."

बाईंनी शब्द पाळला. झारा आला, कढई आली, आणि काका दुसऱ्या कोपऱ्यात उभे राहून पाणी ढवळायला लागले, वर सुताराला फोडणीवर व्याख्यानही द्यायला लागले.

शेवटी मोजमाप हाती आलं, तेव्हा बाईंनी आकडे दोनदा ताडून पाहिले. पकड दोन्हीकडे जवळपास सारखीच सुधारली होती. किडा मेला म्हणायचा! फरक होता तो भलतीकडेच. खुंट्यावाले अधूनमधून दांडी मारत. आपल्या कामाच्या वस्तू मिळालेले मात्र न चुकता येत, आणि घरीही सराव करत.

"हे काही मी शोधत नव्हते," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"पण सापडलं तर हेच ना?" डॉक्टर म्हणाले. "जसं आहे तसं सांगा."

त्यांनी बीजनिधीच्या परीक्षकांना तसंच सांगितलं. पकडीत फरक न दाखवणारा आकडा झाकला नाही, मधेच सोडून गेलेला माणूस लपवला नाही. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते त्या सोडून गेलेल्या माणसाबद्दलच. उत्तरं देता देता बाईंनाच वाट दिसली. पुढच्या वेळी कामाच्या वस्तू सगळ्यांना द्यायच्या. कुणाला आधी, कुणाला नंतर, एवढंच चिठ्ठीनं ठरवायचं. उपाशी कुणीच राहणार नाही.

या आखणीला त्याच मोठ्या संस्थेनं होकार दिला. नव्या अभ्यासात पहिले आले एक घड्याळदुरुस्तीवाले आजोबा. बाईंनी सगळं समजावलं आणि म्हणाल्या, "आणि आजोबा, मधेच सोडून जायची मोकळीक आहे बरं का."

"अहो, धड बसू तर द्या!" आजोबा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.