सासूबाईंचं ब्रेकचं खातं

गॅरेजमध्ये ब्रेकचं खातं सासूबाईंकडे होतं. इंजिन, गिअर, वायरिंग जावयाचं; गाडी थांबेल कशी, हे मात्र सासूबाई बघणार. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात पंपांची जुळणी करण्यात त्यांची वीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर आठ दिवस घरी बसल्या आणि नवव्या दिवशी लेकीला म्हणाल्या, "तुझ्या घरातले नळ, कड्या, बिजागऱ्या सगळं दुरुस्त करून झालं. आता एखादी भिंत पाडू का?" लेकीने त्यांना त्याच दिवशी नवऱ्याच्या गॅरेजमध्ये नेऊन सोडलं. त्याला आता सहा वर्षं झाली.

या सहा वर्षांत जावयाला एकच गोष्ट पचली नव्हती. गिऱ्हाईक आत आलं की त्याला ओलांडून थेट सासूबाईंकडे जायचं. त्यामुळे त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढल्याचं कळताच तो फार मायेने बोलू लागला.

"आई, कशाला वाकताय आता? टेबलापाशी बसा. फोन घ्या."

"फोनवर काय सांगू, जावईबापू?"

"गाडी संध्याकाळी मिळेल म्हणायचं."

"म्हणजे थापा मारायच्या. त्यात तुमचा हात कोण धरणार?"

अशातच जावयाने स्वतःच्या गाडीच्या पुढच्या चाकांसाठी ब्रेकच्या नव्या डिस्क आणल्या. दोन जाड चकत्या एकमेकींना जोडाव्यात आणि मध्ये फट ठेवावी, तशी ही डिस्क असते. फटीत वाकडी पाती. चाक फिरलं की ती आतली हवा बाहेर फेकतात आणि डिस्क गार राहते. पाती वाकडी, म्हणून डावी डिस्क वेगळी, उजवी वेगळी. कुठली कुठली ते खोक्यावर लिहिलेलं होतं आणि खोकी जावयाने उत्साहाच्या भरात फाडून टाकली होती.

त्याने डिस्कवरच्या तिरक्या खाचा बघितल्या, कुठल्या बाजूला ऐटदार दिसतात ते ठरवलं आणि बसवून टाकल्या. सासूबाई आल्या. त्यांनी सायकलची एक तार डिस्कच्या फटीत घालून फिरवली.

"उलट्या बसल्यात."

"तुम्हाला दिसतं तरी का आतलं?"

"म्हणून तर तार घातली. वरच्या खाचांवर जाऊ नका, त्या डिस्कला घासणारे पॅड साफ ठेवायला असतात. आतली पाती पुढे झुकलीत बघा."

जावयाने बघितलं. झुकली होती. पण माघार घेईल तर तो जावई कसला. "पुढेच हवीत. वारा ओंजळीत धरायला नको?"

"ओंजळ धरून ब्रेक काय पाणी पिणार आहे? पाती फिरण्याच्या उलट बाजूला, मागे झुकलेली हवीत. आतून घ्यायचं, बाहेर भिरकावायचं. माझे सगळे पंप तसेच होते."

"ही गाडी आहे, आई. पंप नव्हे."

शेवटी पैज लागली. टेकडीचा उतार दोनदा उतरायचा, एकदा जावयाच्या पद्धतीने, एकदा सासूबाईंच्या. दोन्ही वेळा ठरलेल्या चौदा जागी ब्रेक आणि खाली लगेच डिस्कचं तापमान बघायचं. सासूबाई चुकल्या तर उद्यापासून टेबल.

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"मी नाही चुकणार."

"मग टेबल कबूल करायला तुम्हाला काय हरकत आहे?"

पंच म्हणून लेक आली. पहिल्या उताराला तापमान भरलं तीनशे दहा अंश. गॅरेजमध्ये परत येऊन डिस्क गार होऊ दिल्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे गेली आणि दुपारी दोन वाजता तिघं पुन्हा टेकडीवर. या वेळी जावयाचा पाय फारच हळवा झाला होता. मांजर दिसलं, ब्रेक. मांजर नसलं, तरी ब्रेक. मागच्या सीटवर सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. फक्त त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

खाली लेकीने तापमान वाचलं. "दोनशे पंचाहत्तर."

"आता हवा गार आहे जरा," जावई म्हणाला.

"दुपारी दोन वाजता?" लेक म्हणाली.

"ब्रेक ठरले होते चौदा," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "तुम्ही मारलेत एकवीस."

जावयाचे कान लाल झाले. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हटलं मारू देत. सरळ हरला असतात तर वर्षभर वाद घातला असतात."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता जावई टेबलापाशी बसला. पहिलाच फोन आला, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. जावई रंगात येऊन कारणं सांगू लागला.

"नाव आणि वेळ लिहून घ्या," गाडीखालून आवाज आला. "बाकीचं माझं खातं."

त्याने नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि न राहवून खाली बारीक अक्षरात आपलं निदानही लिहिलं. गाडी आल्यावर सासूबाईंनी डिस्क तपासली. निदान अगदी बरोबर होतं. हे त्यांनी त्याला सांगितलं, पण चार दिवसांनी.